सैन्यातील लहान तुकडी आणि विश्वासाचा प्रश्न

देशाच्या संरक्षणाविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते ती बहुतेक विमाने, तोफा, पाणबुड्या आणि त्यांच्या किमती यांविषयीच चालते. त्याखालोखाल सेनापती कोण झाला, कोणास डावलून कोणास बढती मिळाली, याची वार्ता लोक आवडीने वाचतात. परंतु ज्या आठ-दहा माणसांच्या तुकडीवर अखेरीस लढाईचा सारा भार येऊन पडतो, ती तुकडी कशी बांधलेली असते, तीत कोण कोणाशेजारी उभा राहतो आणि तिच्या नायकास स्वतःच्या बुद्धीने निर्णय करण्याची कितपत मुभा असते, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हे तज्ज्ञांचे विषय आहेत, सामान्य नागरिकास त्यांच्याशी काय कर्तव्य, असे म्हणून ते बाजूस सारण्यात येतात. आमचे मत निराळे आहे. तोफ कशी ओतावी हे तज्ज्ञांनी सांगावे. पण दहा माणसांनी एकमेकांवर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा, हा प्रश्न जितका लष्कराचा तितकाच समाजाचाही आहे. जून २०२२ मध्ये सरकारने जी अग्निपथ योजना जाहीर केली तिच्यामुळे तर हा प्रश्न आता लांबणीवर टाकण्यासारखा राहिलेला नाही.

लहान तुकडी म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील वाचकांस एका उदाहरणाने सांगता येईल. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील एक कंपनी शत्रूच्या मोर्च्यावर चालून गेली. तिच्या एका सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि नायक सोडून त्या तुकडीतील एकूण एक माणूस मेला किंवा जायबंदी झाला. उरलेला नायक म्हणजे माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे. त्यांनी एकट्याने त्या मशीनगनवर झडप घातली, हातबाँबने ती निकामी केली, एकास गोळी घातली, आणि बंदूक पुन्हा भरण्यास अवसर नाही असे पाहून तिच्याच दांड्याने उरलेल्या दोघांचा निकाल लावला. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते स्वतः पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांच्या शौर्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, त्या क्षणी त्यांना हुकूम देणारा कोणी जवळ नव्हता. काय करावयाचे ते एका नाईकाने ठरविले, आणि त्याने ठरविले म्हणूनच त्या ठिकाणची मशीनगन बंद पडली.

निरनिराळ्या देशांत या सर्वांत लहान तुकडीची माणसे किती असतात ते पाहू. भारतीय पायदळात सेक्शन दहा जणांचे असून त्यावर हवालदार असतो. अशी तीन सेक्शने मिळून एक प्लॅटून, तीन प्लॅटून मिळून एक कंपनी, आणि कंपन्यांची मिळून पलटण, अशी चढती रचना आहे. ब्रिटिश सैन्यात सेक्शन आठ जणांचे असते. त्याचे चौघा-चौघांचे दोन भाग पडतात व एकावर कॉर्पोरल, दुसऱ्यावर लान्स कॉर्पोरल असतो. अमेरिकेच्या भूसेनेत ही तुकडी नऊ जणांची, म्हणजे एक सार्जंट आणि चौघांचे दोन गट अशी असते. त्याच देशाच्या मरीन दलात मात्र ती परंपरेने तेरा जणांची, म्हणजे एक नायक व चौघांचे तीन गट अशी असते.

आठ, नऊ, दहा, तेरा हे आकडे जवळजवळ असावेत हा केवळ योगायोग नाही. रोमन सैन्यात आठ शिपाई एका तंबूत राहत आणि एकत्र अन्न शिजवीत. चंगीझखानाने १२०६ साली मोंगोलांची सत्ता एकवटली तेव्हा सैन्य दहा, शंभर, हजार व दहा हजार अशा पायऱ्यांनी रचले. आपल्याकडे शिवकालीन पायदळात नऊ-दहा पाइकांवर एक नाईक आणि पाच नाइकांवर एक हवालदार अशी व्यवस्था होती. ‘नाईक’ व ‘हवालदार’ ही दोन्ही नावे आजतागायत भारतीय सैन्यात चालू आहेत. गोंधळात व भीतीत एका माणसाचा आवाज आठ-दहा जणांपर्यंतच पोहोचतो, तेवढ्यांच्याच चेहऱ्यांवर त्याची नजर राहू शकते, आणि तेवढ्यांचाच स्वभाव त्यास खरोखर ठाऊक असतो. शस्त्रे कितीही बदलली तरी मनुष्यस्वभावाची ही मर्यादा बदललेली नाही.

बदलले आहे ते या तुकडीकडे सोपविलेले काम. पहिल्या महायुद्धापूर्वी दहा जणांची तुकडी ही बहुधा हजेरीची व राहण्याची सोय होती. लढाईत कंपनीच्या कंपनी एका अधिकाऱ्याच्या हुकुमाने हलत असे. १ जुलै १९१६ रोजी सोम नदीच्या लढाईत ब्रिटिश सैन्याची सुमारे सत्तावन हजार माणसे एका दिवसात मेली किंवा जखमी झाली, तेव्हा मशीनगनपुढे रांगा चालवीत नेणे म्हणजे काय हे जगास दिसले. फेब्रुवारी १९१७ मध्ये ब्रिटिश सैन्याने प्लॅटूनची नवी रचना जाहीर केली. एक सेक्शन बंदूकवाल्यांचे, एक लुईस गनचे, एक हातबाँबवाल्यांचे आणि एक बंदुकीतून बाँब उडविणाऱ्यांचे, अशी ती होती. एकाने शत्रूस डोके वर काढू देऊ नये व दुसऱ्याने तेवढ्यात पुढे सरकावे, हे तीतील तत्त्व. जर्मनांनी पुढे सारी तुकडी एका हलक्या मशीनगनभोवतीच बांधली. चीनमध्ये तीन-तीन माणसांचे गट करून लढण्याची पद्धत होती. अमेरिकन मरीन अधिकारी इव्हान्स कार्लसन याने १९३७-३८ मध्ये चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या सैन्याबरोबर हिंडून तेथील रीत जवळून पाहिली, आणि १९४२ मध्ये आपल्या पलटणीत दहा जणांच्या तुकडीचे तिघांचे तीन गट पाडले. १९४४ मध्ये सर्व मरीन दलाने चौघांच्या गटांची जी पद्धत स्वीकारली तिचे हे एक मूळ होय. थोडक्यात, मारा जसजसा भयंकर झाला तसतशी माणसे पांगली. माणसे पांगली तसतसा वरिष्ठाचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचेनासा झाला. आणि निर्णयाचा अधिकार कर्नलाकडून कॅप्टनकडे व कॅप्टनकडून हवालदाराकडे उतरत आला.

हा अधिकार कागदावर उतरविणे सोपे आहे. तो पेलणारी माणसे तयार करणे हेच खरे कठीण काम. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीस अवघे एक लक्ष सैन्य व चार हजार अधिकारी ठेवण्याची परवानगी दिली, तेव्हा त्या सैन्याने प्रत्येकास त्याच्या वरच्या जागेचे शिक्षण देण्याचा क्रम ठेवला. काय साधावयाचे ते वरिष्ठाने सांगावे, कसे साधावयाचे ते कनिष्ठाने जागेवर ठरवावे, ही त्यांची जुनी शिस्त होती. ते सैन्य पुढे ज्या राजवटीच्या हातातील शस्त्र बनले तिच्या पापांचे मंडन कोणीही विचारी मनुष्य करणार नाही. पण साधा सार्जंट विचार करू शकतो असे गृहीत धरल्याने सैन्याचे बळ किती वाढते, हे तिच्या शत्रूंनीही मान्य केले आहे.

याच्या उलट उदाहरण सोव्हिएत सैन्याचे. १९६७ च्या कायद्याने तेथील भूसेनेतील सक्तीची नोकरी दोन वर्षांवर आली. सार्जंट निवडले जात तेही बहुधा याच सक्तीच्या भरतीतून, व काही महिन्यांचे शिक्षण देऊन त्यांस तुकडीवर नेमीत. ज्याची नोकरी आपल्याइतकीच किंवा आपल्याहून थोडी, त्याचा धाक कोण बाळगणार? परिणाम असा झाला की, हवालदाराने करावयाची कामे लेफ्टनंटास करावी लागत, आणि बराकीत सत्ता चाले ती जुन्या शिपायांची. नव्या पोरांना छळण्याच्या या रीतीस रशियन भाषेत ‘आजोबांचे राज्य’ अशा अर्थाचे नाव आहे. २०२२ साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली तेव्हा अडलेला गाडा हलविण्यास वरिष्ठ अधिकाऱ्यांना स्वतः आघाडीवर यावे लागले व त्यांतील अनेक मारले गेले. त्याच युद्धात डोक्यावर सतत फिरणाऱ्या ड्रोनमुळे पायदळाचे गट आणखी लहान झाले. दोघे-तिघे मिळून चाल करतात, व दोघे-तिघेच खंदक धरून बसतात. म्हणजे १९१७ साली जो अधिकार हवालदारापर्यंत आला तो आता साध्या शिपायापर्यंत येऊन पोहोचला आहे.

आता आपल्या घराकडे वळू. इतर बहुतेक सैन्यांत प्लॅटूनवर तरुण लेफ्टनंट असतो. आपल्याकडे ती बहुधा सुभेदाराच्या किंवा नायब सुभेदाराच्या ताब्यात असते. हा दर्जा इंग्रजी अमदानीतला. गोरा अधिकारी व काळा शिपाई यांच्यामध्ये दुभाषा व मध्यस्थ हवा होता, आणि खरे अधिकारपद तर एतद्देशीयास द्यावयाचे नव्हते. म्हणून सुभेदार-जमादारांची ही मधली पायरी पक्की करण्यात आली. हिंदी तरुणांस सँडहर्स्टचे दार उघडले ते १९१८ साली, वर्षास दहा जागांपुरते. देहरादूनची संस्था निघाली १९३२ साली. १९४७ नंतर मध्यस्थीचे कारण उरले नाही, परंतु पायरी राहिली. ती मोडून टाकावी असे आम्ही म्हणत नाही. साधा शिपाई म्हणून भरती झालेला शेतकऱ्याचा मुलगा वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवाने तीस-पस्तीस माणसांचा नायक होतो, ही गोष्ट मोलाची आहे. आमचे म्हणणे एवढेच की, जी व्यवस्था मुळात अविश्वासातून निघाली तीत अविश्वासाची सवय मागे राहिली नाही ना, हे प्रामाणिकपणे तपासावे. नाईकास हुकूम पोहोचविण्यास शिकविणे निराळे आणि हुकूम नसता काय करावे हे शिकविणे निराळे.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि तो टाळला जातो म्हणूनच आम्ही तो उघडपणे मांडतो. त्या दहांत कोण कोणाशेजारी असावा? १८५७ पूर्वी बंगालच्या सैन्यात उच्चवर्णीय शिपायांचे प्राबल्य असून प्रत्येकाची चूल वेगळी असे. मुंबईच्या सैन्यात मात्र निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच कंपनीत उभे राहत, आणि त्यांत महारांची संख्या मोठी होती. १८५७ च्या उठावाने घाबरलेल्या सरकारने पुढे जातवार कंपन्या बांधण्याचे धोरण धरले. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या रॉबर्ट्स साहेबांच्या वेळी ‘लढवय्या जाती’ची कल्पना बळावली, जातवार पलटणी झाल्या, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली त्या महारांस लष्कराचे दार बंद झाले. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी या अन्यायाविरुद्ध १८९४ साली अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा दाद मागितली. १९१७ साली युद्धाची निकड लागली तेव्हा महारांची पलटण उभारली, आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत ती मोडली. डॉ. आंबेडकरांसारख्यांच्या खटपटीनंतर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. शौर्य जातीत असते, असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी सांगावे की, ज्यांचे शौर्य १८९३ साली नाहीसे झाले ते १९१७ साली कोठून आले, १९२१ साली कोठे गेले, आणि १९४१ साली पुन्हा कसे उगवले!

यावर जो आक्षेप घेतला जातो तो आम्ही हलका मानीत नाही. संकटात मनुष्य आपल्या माणसांसाठी लढतो. एका गावचे, एका रीतीचे लोक एकत्र असले म्हणजे लाजेने तरी कोणी पाठ दाखवीत नाही. जातवार पलटणींनी आजवर जो पराक्रम केला तो या बंधामुळेच, असे अनुभवी अधिकारीही सांगतात. त्यांचा अनुभव खरा आहे. पण त्यापासून काढलेले अनुमान मात्र चुकीचे आहे. बंध हवा, याविषयी वाद नाही. तो जन्मानेच येतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही. चंगीझखानाने शत्रुत्व असलेल्या टोळ्या मोडून त्यांची माणसे दहा-दहांच्या तुकड्यांत मिसळली, ती टोळीचा अभिमान जाऊन तुकडीचा यावा म्हणूनच. आणि ते सैन्य दुबळे होते असे कोणी म्हणत नाही. मार्च १९४५ मध्ये अमेरिकन सैन्यास युरोपात माणसांची टंचाई पडली, तेव्हा दोन हजारांहून अधिक काळ्या स्वयंसेवकांच्या प्लॅटूनी गोऱ्या कंपन्यांस जोडण्यात आल्या. त्यांतील कित्येकांनी आघाडीवर जाता यावे म्हणून आपला सार्जंटचा हुद्दा सोडून साधे शिपाईपण पत्करले होते. युद्धानंतर त्या कंपन्यांतील गोऱ्यांस विचारले असता, प्रारंभी नाखूष असलेल्या बहुतेकांनी आपले मत पालटल्याचे सांगितले. २६ जुलै १९४८ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील भेदाभेद संपविण्याचा हुकूम काढला, व कोरियाच्या युद्धात काळे-गोरे शिपाई एकाच तुकडीत लढले. १९४८ सालीच शिल्स आणि जानोविट्झ या दोघा समाजशास्त्रज्ञांनी जर्मन युद्धकैद्यांच्या मुलाखतींवरून दाखवून दिले की, शिपाई टिकून राहिला तो मुख्यतः मोठमोठ्या घोषणांमुळे नव्हे. ज्या लहान गटात त्यास अन्न, सोबत व मान मिळत होता त्या गटासाठी तो टिकला. अन्न, सोबत व मान यांपैकी कोणत्याही गोष्टीस जातीचा दाखला लागत नाही.

आपल्या स्वतःच्या सैन्याचाही अनुभव हेच सांगतो. १९४९ साली जनरल करिअप्पा यांच्या वेळी उभारलेल्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्समध्ये सर्व प्रांतांचे व सर्व जातींचे लोक घेण्यात आले. ज्या महार रेजिमेंटच्या नावातच जात आहे तीत आज अनेक प्रांतांचे व समाजांचे शिपाई एकत्र नोकरी करतात, आणि तिची कीर्ती त्यामुळे उणी झालेली नाही. राहता राहिला भाषेचा प्रश्न. हुकूम समजला पाहिजे हे खरे. पण भाषेची एकता व जातीची एकता या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. एकाच जिल्ह्यातील मराठा, महार, माळी, धनगर व ब्राह्मण एकच भाषा बोलतात. भाषेच्या सबबीखाली जातीचा कुंपणदोर बांधून ठेवण्याचे कारण नाही.

२०२२ साली हरियाणात अहीर रेजिमेंटच्या मागणीसाठी आंदोलन झाले. इतर समाजांकडूनही अशा मागण्या अधूनमधून येतात. त्या मागणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. शेजाऱ्याच्या नावाचे दार दिसते तोपर्यंत आपल्याही नावाचे दार मनुष्य मागणारच. स्वातंत्र्यानंतर नवी जातवार पलटण काढावयाची नाही हे सरकारचे धोरण योग्य आहे. पण जुनी दारे तशीच ठेवून नवी नाकारणे यात न्याय अर्धाच होतो.

या पार्श्वभूमीवर अग्निपथ योजनेकडे पाहिले पाहिजे. तीत शिपायाची मुदत शिक्षणकाळ धरून चार वर्षांची आहे, आणि त्यांतील जास्तीत जास्त शेकडा पंचवीस जणांस पुढे कायम ठेवावयाचे आहे. पूर्वीचा शिपाई निवृत्तिवेतनास पात्र होण्यास पंधरा वर्षे नोकरी करी. तेवढ्या अवधीत त्याची तुकडी त्याचे दुसरे घर बनत असे. आता २०२६ च्या अखेरीपासून पहिल्या अग्निवीरांच्या मुदती भरू लागतात, आणि तेव्हापासून प्रत्येक तुकडीतील चारांपैकी तिघे घरी जाण्याचा क्रम सुरू होईल. सहवासाने जो विश्वास येतो त्याचा काळ यामुळे आखडतो, हे उघड आहे. परंतु याच योजनेत भरती अखिल भारतीय व सर्व वर्गांस खुली अशी करण्याचे सरकारने जाहीर केले आहे, आणि चारांतून एक निवडावयाचा असल्याने चांगला नाईक निवडण्याची संधीही तीतच आहे. म्हणजे एका हाताने जे गेले ते दुसऱ्या हाताने मिळवता येईल. मात्र ते आपोआप मिळणार नाही.

यास्तव आमच्या सूचना तीन. पहिली, सर्वांस खुली भरती हे तत्त्व भरतीच्या मैदानावर न थांबता सेक्शनपर्यंत न्यावे. जुन्या पलटणींची नावे, निशाणे व परंपरा अवश्य राहाव्या, पण त्यांच्या दहा-दहांच्या तुकड्यांत त्या त्या भाषेच्या प्रदेशातील सर्व जातींचे शिपाई मिसळलेले असावे. दुसरी, मुदत थोडी आहे तर निदान जे दहा एकत्र शिकले त्यांस शक्य तोवर एकत्रच ठेवावे. कागदी सोयीसाठी त्यांची ताटातूट करू नये. तिसरी, कायम ठेवावयाचे चतुर्थांश निवडताना धावण्याचा वेग व कवायतीची सफाई यांबरोबरच अडचणीत स्वतः निर्णय करण्याची ताकद पाहावी, निवडीचे नियम प्रत्येक शिपायास आधी ठाऊक असावे, आणि निवडलेल्यांस एका पायरीवरचे शिक्षण द्यावे.

या सूचनांस फार पैसा लागत नाही. लागते ती मनाची तयारी. जो समाज गावात पाणवठा वेगळा ठेवतो आणि कचेरीत शिपायास बसण्यास खुर्ची देत नाही, त्याने खंदकात एकाएकी दहा माणसांनी भाऊ व्हावे अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. लष्कर हे समाजातूनच निघते, आणि चार वर्षांनी तिघे जण समाजातच परत येतात. ते तरुण चार वर्षे परक्या जातीच्या माणसाच्या हातचे जेवून, त्याच्या शेजारी निजून आणि त्याच्या नजरेवर आपला जीव सोपवून आले, तर आपल्या गावच्या पंगतीकडे ते निराळ्या नजरेने पाहतील. तसे घडले तर या योजनेचा सर्वांत मोठा लाभ सीमेवर नव्हे, आपल्या गावांत दिसेल. आणि ज्यांच्या हाती हे घडविणे आहे त्यांनी २०२६ उलटण्याची वाट न पाहता कामास लागावे, एवढेच आमचे सांगणे आहे.